दुसरा गडी बाद होत नाही

एखाद्या यंत्रानं मला खोटारडी ठरवलं असतं तर मी हसून सोडून दिलं असतं. पण माझ्याच सख्ख्या भावानं, माझ्याच ओट्याशी उभं राहून, माझ्याच हातचा चहा पिताना विचारलं, "अक्का, खरं सांग, ती कॅसेट तूच केली होतीस ना गं?" तेव्हा माझं डोकंच फिरलं.

"म्हणजे काय?" मी म्हटलं. "जन्मभर सगळ्या कुपवाडला तूच सांगत फिरलास ना, माझ्या अक्कानं माझ्यासाठी टीव्ही गेम केला होता म्हणून? आणि आज मलाच विचारतोस?"

भरतेश नुसता कप बशीत फिरवत राहिला. पंचावन्न वर्षांचा माणूस, स्वतःचं छपाईचं दुकान, दोन पोरींचा बाप, पण काही लपवायचं असलं की लहानपणासारखाच खालचा ओठ चावतो. मी म्हटलं, बोल आता, नाहीतर चहा परत दे.

झालं होतं ते असं. माळा आवरताना त्याला ती कॅसेट सापडली. कॅसेट म्हणजे गाण्यांची नव्हे. १९९३ साली टीव्हीला जोडायचा गेमचा डबा मिळायचा, त्यात खोचायच्या चपट्या प्लॅस्टिकच्या पेटीला सांगलीपासून कोल्हापूरपर्यंत सगळी पोरं कॅसेटच म्हणायची. ह्या कॅसेटला तर कवचही नव्हतं. उघडा हिरवा बोर्ड, त्यावर काचेची खिडकी असलेली एक चिप, आणि त्या खिडकीवर चिकटवलेली मरून टिकली. भरतेशनं मला न सांगता ती पुण्याला नेली. तिथं 'संचय' नावाचं लिलावघर आहे, जुने संगणक आणि जुने खेळ विकणारं. तिची किंमत काढून घ्यायची आणि तो कागद चौकटीत घालून माझ्या वाढदिवसाला द्यायचा, असं त्याच्या मनात होतं. हेतू चांगला होता, त्याला मी नावं ठेवत नाही.

"मग? काय म्हणाले तुझे पुणेकर?"

"त्यांच्याकडं पारखी यंत्र आहे. ते म्हणालं, हा जपानच्या होशिनामी कंपनीचा हरवलेला शेवटचा खेळ. खात्री सत्त्याण्णव टक्के." मग त्यानं किंमत सांगितली. ती ऐकून मी आधी गॅस बंद केला, म्हटलं दूध तरी उतू जायला नको.

"आणि माझं नाव?"

"कुठंच नाही, अक्का. म्हणून तर विचारलं. तू कुठंतरी बघून केली होतीस का? तसं असलं तरी मला काही वाटणार नाही."

वाटणार नाही म्हणे! त्या एका वाक्यानं मला जेवढं लागलं तेवढं त्या सत्त्याण्णव टक्क्यांनी लागलं नव्हतं.

आता हे पारखी प्रकरण काय आहे ते सांगते. मी तीस वर्षं तंत्रनिकेतनात इलेक्ट्रॉनिक्स शिकवलंय, त्यामुळं समजावून सांगितल्याशिवाय मला राहवत नाही. त्या जुन्या चिपमध्ये लाखो सूक्ष्म खड्डे असतात. खड्ड्यात इलेक्ट्रॉन कोंडले की एक अर्थ, खड्डा मोकळा असला की दुसरा. सगळा खेळ ह्या भरलेल्या नि मोकळ्या खड्ड्यांत लिहिलेला. पुसायचा असला तर खिडकीतून अतिनील प्रकाश सोडायचा. प्रकाशाच्या जोरानं इलेक्ट्रॉन निसटतात आणि चिप कोरी होते, मग तिच्यावर नवीन लिहायचं. पण सगळे इलेक्ट्रॉन काही जात नाहीत, थोडे चिवटपणे राहतात. फळा ओल्या फडक्यानं पुसला तरी वाळल्यावर कालचं गणित पुसट दिसतं, तसंच. इतकी वर्षं ते पुसट गणित वाचायची सोय नव्हती. पारखी चिपला भयंकर थंड करतं, एकेक खड्डा मोजतं, आणि वरचं नवं लिखाण नि खालचं जुनं वेगळं काढतं. मग जगात आजवर लिहिल्या गेलेल्या सगळ्या प्रोग्रॅमशी ताडून पाहतं, की हा हात कुणाचा.

यंत्र झकास आहे, त्यात वाद नाही. भानगड त्याच्या पुढं आहे. पारखीनं एकदा प्रमाणपत्र दिलं की संग्रहालयं, शाळेतली पुस्तकं, माहिती सांगणारी सगळी यंत्रं तेच धरून चालतात. मग 'हे मी केलं' असं सांगणाऱ्या माणसाच्या तोंडाला कोण विचारतो? उद्या माझ्याच नाती शाळेत शिकतील की हा खेळ जपानात झाला.

"प्रमाणपत्र निघालं?"

"अजून नाही. हरकत घ्यायला मुदत असते. पण अक्का, राहू दे की. एवढे पैसे—"

"उठ," मी म्हटलं. "पायताण घाल."

पुण्याच्या बसला आता चालक नसतो, त्यामुळं वाटेत भांडायलाही कुणी मिळालं नाही. भरतेश खिडकीशी बसला, त्याच्या डाव्या पायाची पट्टी सारखी करत. त्याला लहानपणीच पोलिओ झाला. आमच्या गल्लीतली पोरं आट्यापाट्या खेळायची. मैदानावर आडव्या पाट्या आखायच्या, प्रत्येक पाटीवर पकडणारा उभा, त्यांना हुलकावण्या देत पलीकडं जायचं, शेवटच्या पाटीपलीकडचं लोण, म्हणजे मीठ, उचलायचं आणि तसंच परत यायचं. भरतेशला कुणी खेळात घेत नसे. तो भिंतीवर बसून सगळ्यांच्या चपला सांभाळायचा. मला ते बघवायचं नाही.

मी तेव्हा नुकता डिप्लोमा करून कुपवाडच्या एका कारखान्यात लागले होते, टीव्ही गेम जुळवायच्या कामाला. मालक मुंबईहून पोत्यांनी भंगार बोर्ड आणायचा, त्यातल्या चालू चिपा मी सोडवून काढायचे. मी त्याला म्हटलं, आपला स्वतःचा खेळ करूया. तो म्हणाला, "पोरी, आपली पोरं परदेशीच मागतात. तू सोल्डरिंग कर." मग मी त्याला विचारायचंच सोडून दिलं. दोन चिपा मागून घेतल्या आणि भरतेशसाठी आट्यापाट्या केला. दोन गडी खेळायचे, पहिला मी, दुसरा तो. पकडणारे मशीनचे. अगं बाई, काय खेळायचा! सगळ्या पाट्या पार करून मीठ घेऊन यायचा आणि सगळं घर डोक्यावर घ्यायचा. "अक्का आउट! मी नाही आउट!" गल्लीतली पोरं बघायला यायची तर त्यांच्यापुढं छाती काढून बसायचा. त्याच्या लग्नात त्यानं बायकोला पहिली बढाई हीच मारली होती, की मी टीव्हीवर आट्यापाट्यात कधी बाद झालो नाही.

'संचय'मध्ये आमच्यापुढं बसली ती मैथिली सबनीस. तिशीतली पोरगी, मूल्यमापन विभागाची प्रमुख, अदबीनं बोलणारी.

"काकू, आम्हाला तुमच्या भावना समजतात—"

"काकू नको, मॅडम म्हण. तीस वर्षं शिकवून कमावलंय ते. आणि भावना राहू देत, तुमचा अहवाल दाखव."

तिनं भिंतीवर अहवाल उघडला. पहिल्याच ओळीत लिहिलेलं: चिपवर गोल मरून चिन्ह, बहुधा कंपनीची मोहोर.

"टिकली आहे ती!" मी म्हटलं. "माझ्या आईची. खिडकीतून उजेड जाऊ नये म्हणून लावली होती. मोहोर कसली?"

मैथिलीला हसू आलं, पण तिनं ते आवरलं. "मॅडम, टिकली नंतर कुणीही लावू शकतं. खरी गोष्ट खालच्या थरात आहे. पुसलेल्या थरात होशिनामीचा प्रोग्रॅम सापडतोय."

"सापडणारच. भंगारातली चिप होती, तिच्यावर आधी कुणाचं तरी काही असणारच की. मी पुसून वापरली."

"कुठं पुसली? यंत्राच्या मते कंपनीच्या प्रयोगशाळेत, दिव्याखाली."

"आमच्या गच्चीवर," मी म्हटलं. "पापडांच्या शेजारी."

भरतेशनंही चमकून माझ्याकडं बघितलं. त्याला हे ठाऊक नव्हतं. पुसायचा दिवा कारखान्याच्या मालकाच्या कपाटात कुलपात असायचा. पण सूर्याच्या प्रकाशातही थोडा अतिनील भाग असतो, आठवडाभर कडक ऊन मिळालं की चिप कोरी होते. मे महिना होता. आईनं गच्चीवर उडदाचे पापड घातले होते. मी थर्माकोलच्या तुकड्यात दोन चिपा खोचल्या आणि तो तुकडा गच्चीला चिकटवून टाकला. एक चिप कावळ्यानं पळवली. आई म्हणाली, बरं झालं, पापड तरी वाचले.

"मॅडम, गोष्ट फार गोड आहे," मैथिली म्हणाली, "पण सिद्ध कसं करणार?"

"खालचा थर चिपवर नेमका कुठं कुठं शिल्लक आहे, त्याचा नकाशा काढ."

तिनं काढला. चौकोनी चिपच्या डाव्या कडेला एक जाड पट्टी, उजव्या कडेला एक बारीक पट्टी. वरची नि खालची कड मात्र लख्ख कोरी.

"आता बघ," मी उभी राहिले. वर्गात उभी राहायचे तशीच. "चिप खोलगट घरात बसलेली असते, घराच्या भिंतींची सावली तिच्यावर पडते. सावलीतलं नीट पुसलं जात नाही. सकाळी सूर्य पूर्वेला, तेव्हा पूर्वेची कड सावलीत. संध्याकाळी पश्चिमेची. म्हणून दोन पट्ट्या. पण दक्षिणेच्या कडेला पट्टी का नाही? कारण सूर्य दक्षिणेकडं कललाच नाही, बरोबर डोक्यावरून गेला. मेच्या पहिल्या आठवड्यात आमच्याकडं शून्य सावली असते. जपानात सूर्य कधीच डोक्यावर येत नाही, वर्षातल्या एकाही दिवशी नाही."

"पण नळीच्या दिव्याखालीसुद्धा दोन पट्ट्या—"

"शाब्बास, चांगलं विचारलंस. मग त्या सारख्या हव्यात. इथं एक जाड आहे, एक बारीक. पूर्वेच्या कडेला ऊन लागतं ते दुपारनंतर, आणि मेमध्ये आमच्याकडं दुपारनंतर वळवाचे ढग येतात. म्हणून ती कड कमी पुसली गेली. दिव्यावर ढग येतात का?"

मैथिली पुढं सरसावली. मग भराभर काहीतरी टाइप करून तिनं पारखीला पुन्हा कामाला लावलं. तेवढ्यात लिलावघराचे मालक उदयन रणदिवे आत आले. पांढरा सदरा, गोड आवाज. उत्तर आलं: चिप भारतात, उन्हात पुसली असणं जवळजवळ निश्चित. तरीही खेळाचा कर्ता होशिनामी, खात्री एक्क्याऐंशी टक्के. भारतात झालेली नक्कल.

"का?" मी ओरडलेच.

"दोन कारणं," मैथिली वाचू लागली, तिचाही आवाज पडला होता. "जुन्या जाहिरातींप्रमाणं होशिनामीच्या हरवलेल्या खेळात बर्फाळ सरहद्दी ओलांडणारा प्रवासी होता. इथंही आडव्या रेषा ओलांडायच्या आणि टोकाला बर्फाचा ढीग आहे."

"बर्फ नाही, मीठ आहे ते! लोण आहे!"

"आणि दुसरं. होशिनामीचा खेळ अर्धवट राहिला होता, आणि ह्यातही अर्धवट कामाचा दोष आहे." तिनं ती ओळ मोठी करून दाखवली. 'दोष: दुसरा गडी बाद होत नाही. पकडणारे त्याला स्पर्श करतात, पण काहीच घडत नाही.'

सूर्य, ढग, चिप ह्यांच्याविषयी मी दिवसभर बोलले असते. ह्या ओळीचं उत्तर मात्र एकाच शब्दाचं होतं, आणि तो शब्द भरतेशसमोर उच्चारायचा नाही असं मी त्या मे महिन्यातच ठरवलं होतं. तो शब्द बोलले तर खेळ माझा ठरणार होता. पण मग त्याची ती एकुलती एक फुशारकी, चपला सांभाळणाऱ्या पोरानं मैदान मारल्याची, ती मी माझ्या हातानं मोडणार होते. माझं नाव काय, गेलं तर गेलं.

"ऐंशीच्या वर खात्री असली की प्रमाणपत्र निघतं," रणदिवे म्हणाले. "मॅडम, कशाला हट्ट करता? ग्राहक तयार आहे. तो एवढा दोष काढून टाकून खेळ जगभर पुन्हा आणणार आहे. पैसे तुमच्या घरातच येतायत की."

"दोष काढून टाकणार?" मी म्हटलं. "खबरदार कुणी हात लावाल तर!"

"मग तो दोष का आहे ते सांगा."

मी गप्प. आयुष्यात मी इतकी गप्प कधी बसले नसेन.

"मला जरा खेळून बघता येईल?" भरतेशनं विचारलं.

मैथिलीनं भिंतीवर खेळ लावला. भरतेशनं दुसऱ्या गड्याचं रिमोट उचललं. त्याचा छोटा निळा गडी पाट्यांवरून सुसाट निघाला, एक, दोन, तीन, तोच जुना आवाज टुक टुक करत. मग चौथ्या पाटीवर भरतेशनं त्याला मुद्दाम थांबवलं. पकडणारा आला, त्याच्यातून आरपार निघून गेला. परत आला, परत गेला. निळा गडी नुसता उभा. भरतेश कितीतरी वेळ ते बघत राहिला. मग त्यानं रिमोट खाली ठेवलं.

"अक्का," तो म्हणाला, "मी लिंबूटिंबू होतो होय गं?"

मी त्याच्याकडं बघू शकले नाही. "होय," म्हटलं. "तुला कुणी खेळात घेत नव्हतं रे. मला तुला जिंकलेलं बघायचं होतं."

त्याच्या तोंडावर काय काय येऊन गेलं ते मला सांगता यायचं नाही. दुखलं त्याला. दुखणारच. "मी पोरींना सांगितलंय," एवढंच तो पुटपुटला. मग त्यानं रुमालानं तोंड पुसलं, काठीवर भार देऊन उभा राहिला आणि वळला तो थेट रणदिव्यांकडं.

"साहेब, आट्यापाट्यात लहान पोराला, नाहीतर ज्याला पळता येत नाही त्याला, लिंबूटिंबू म्हणून घेतात. तो खेळतो, पण त्याला कुणी बाद करत नाही. बरोबर?"

"लहानपणी आम्हीही..." रणदिवे गडबडले.

"मग मला सांगा, जपानात बसलेल्या माणसाला माझा पाय ठाऊक होता का? त्यानं माझ्यासाठी लिंबूटिंबू केला का?"

मैथिलीनं हळूच कळफलक पुढं ओढला आणि भरतेश बोलला ते सगळं पारखीला घातलं. यंत्रानं पुन्हा ताडून बघितलं. होशिनामीची खात्री घसरत घसरत नऊ टक्क्यांवर आली. त्याखाली नवी ओळ उमटली: हेतुपुरस्सर केलेला नियम. कर्ता मराठी मुलखातला, बहुधा व्यक्तिगत वापरासाठी.

"आता मात्र हिला काही किंमत नाही," रणदिवे जरा चिडून म्हणाले. "अज्ञात बाईनं घरी केलेला खेळ कोण घेणार? भरतेशराव, हरकत मागं घ्या, अजून वेळ गेलेली नाही. कॅसेट तुमच्या नावावर आहे, निर्णय तुमचा."

"अज्ञात बाई इथं तुमच्या समोर उभी आहे!" मी म्हटलं. पण भरतेशनं मला हातानं थांबवलं. जन्मात पहिल्यांदा त्यानं मला गप्प केलं आणि मी राहिले.

"माझीच आहे ना कॅसेट? मग लिहा," तो मैथिलीला म्हणाला. "कर्ती त्रिशला मगदूम, कुपवाड. खेळ आट्यापाट्या. पांढरं दिसतंय ते मीठ. आणि दुसरा गडी बाद होत नाही, हा दोष नाही. दुरुस्त करायचा नाही. हे जगातल्या सगळ्या यंत्रांना कळू दे."

मैथिलीनं अक्षर न अक्षर लिहून घेतलं. "आणि किंमत, सर?" तिनं विचारलं. "काहीतरी लिहावं लागतं."

"विकायची नाही, असं लिहा." त्यानं कॅसेट रुमालात गुंडाळली, टिकली निघणार नाही अशी बेतानं, आणि खिशात घातली. रणदिवे काहीतरी बोलत होते. आम्ही ऐकायला थांबलो नाही.

परतीच्या बसमध्ये तो माझ्याशी अवाक्षर बोलला नाही. मला वाटलं, गेलं, माझं नाव राहिलं आणि भाऊ गेला. सांगली आली तरी गप्प. माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं तर मी त्याला दिसू नये म्हणून खिडकीकडं तोंड केलं.

रविवारी सकाळी तो दारात हजर. काखेत जुना गेमचा डबा, दोन्ही रिमोट, दोघी पोरी मागं. मला बोलूही न देता टीव्हीला तारा जोडल्या, कॅसेटवर फुंकर मारली, खोचली. पडद्यावर पाट्या उमटल्या. मी सवयीनं पहिलं रिमोट उचलायला गेले तर त्यानं ते माझ्या हातातून काढून घेतलं आणि दुसरं माझ्या हातात दिलं.

"आज तू दुसरा गडी," तो म्हणाला.

"अरे, पहिल्याला पकडतात ते."

"माहितीय. पकडू देत की."

खेळ सुरू झाला. त्याचा तांबडा गडी पहिल्याच पाटीवर सापडला. टीव्हीनं तो जुना भोंगा वाजवला, जो ह्या घरात फक्त माझ्यासाठी वाजायचा. पोरी हसायला लागल्या, "पप्पा आउट!" भरतेश पडद्याकडं बघत राहिला, आणि मग असा काही हसला की त्याला ठसका लागला. पंचावन्न वर्षांत मैदानावर पहिल्यांदा बाद झाला होता तो.

"आउट!" तो पोरींपेक्षा मोठ्यानं ओरडला. "अक्का, परत लाव. आणि मला मुळीच सांभाळून घ्यायचं नाही, सांगून ठेवतो."

"मी कसली सांभाळतेय बाबा," मी मीठ उचलत म्हटलं, "मी लिंबूटिंबू."